माझं ऐकल्याशिवाय

वकील धापा टाकत टायपिंगच्या दुकानात शिरला, तेव्हा ती नुकती डबा उघडत होती. त्याचा नेहमीचा टायपिस्ट रजेवर, आणि समोरच्या कोर्टात अर्ज तीनच्या आत द्यायचा.

"पाचच मिनिटं," तो म्हणाला.

वकिलाची पाच मिनिटं किती मोठी असतात हे तिला ठाऊक होतं. तिनं डब्याचं झाकण लावलं. तो उभ्याउभ्या सांगत गेला, ती बडवत गेली. काकांच्या दुकानात येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. बोटं पटाईत होती, कायद्याची भाषा मात्र अजून अंगावर यायची.

तासाभरानं तो तोच कागद घेऊन परत आला. चेहरा गंभीर, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दडपून ठेवलेलं.

"एक विचारू? या सायनीताई कोण?"

"मला काय माहीत? तुमच्याच कुणी असतील. 'सुनावणी सायनीताई तहकूब,' असं तुम्हीच म्हणालात. मला वाटलं, घाईत 'येईपर्यंत' गिळलंत. मी घातलं."

"हो, घातलंत. न्यायाधीशांनी वाचलं, आणि म्हणाले, मग बोलवा ना ताईंना."

तो हसला. समोरच्याला लहान न करणारं हसू होतं ते, म्हणून तीही हसली... मग लाजली. तो बाकावर टेकला. "सायनी डाय. लॅटिन आहे. दिवस न ठरवता. म्हणजे पुढची तारीख न देता तहकूब."

"मग 'बेमुदत' म्हणायला काय झालं?"

"काही नाही झालं," तो म्हणाला. "आजवर कुणी विचारलं नव्हतं."

त्याचा टायपिस्ट रजेवरून परतला, वकील मात्र आपल्या टायपिस्टाकडे परतला नाही. "वकीलसाहेब," गल्ल्यावरून काका विचारायचे, "तुमच्या माणसाचं बोट-बिट मोडलंय का?" वकील ऐकू न आल्यासारखं करायचा आणि तिच्या टेबलाशी खुर्ची ओढायचा.

"तर सायनीताई, लिहा..."

तिसऱ्या वेळी ती न राहवून म्हणाली, "त्यातलं 'ताई' तेवढं वगळा."

"का?"

"वगळा म्हटलं ना."

तो कानापर्यंत लाल झाला. तिनं प्रिंटरमध्ये उगीचच कागद भरले. आधीच भरलेले होते.

तो अर्थ सांगायचा, ती वहीत उतरवायची. आधी त्याचा, खाली स्वतःचा. प्रायमा फेसी : तोंडावरून जे दिसतं ते, खरं-खोटं मागाहून. स्टेटस को : आहे तसं राहू द्या, कुणी हात लावू नका. सब ज्युडिस : कोर्टात आहे, तोंड आवरा. तो वाचून मान डोलवायचा. "मी पाच वर्षं शिकलो," म्हणायचा, "आणि तुम्ही पाच शब्दांत उरकता."

एकदा एक म्हातारे पक्षकार आले. वकिलानं काहीही सांगितलं की हो हो करायचे, कळत काहीच नव्हतं. वकिलाच्या ते लक्षात आलं. घड्याळ बघायचं सोडून तो बाकाशी उकिडवा बसला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिची वही मागून घेऊन सावकाश वाचून दाखवली.

"एवढंच होय?" म्हातारे म्हणाले. "दोन वर्षं झोप नाही हो मला."

ती बघतच राहिली. मोठमोठे शब्द येत असूनही ते बाजूला काढून ठेवणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. त्या दिवशी तिनं टायपिंगमध्ये सात चुका केल्या.

आणि मग ते पत्र आलं. सहा तासांवरच्या शहरातलं वरचं कोर्ट. तिथल्या अनुवाद विभागात नोकरी. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा. फॉर्म वकिलानंच आणला होता, वहीची प्रतही त्यानंच जोडली होती, 'गंमत म्हणून सही करा' असंही तोच म्हणाला होता.

त्यानं पत्र दोनदा वाचलं. "अभिनंदन," म्हणाला, आणि आपली फाइल विसरून निघून गेला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. तो यायचा, मजकूर सांगायचा, जायचा. गुरुवारी तिचा धीर सुटला.

"तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?"

"व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया."

"मराठीत."

"ज्यानं आपणहून ओढवून घेतलं, त्यानं लागलं म्हणून दाद मागू नये."

"म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा," ती हळूच म्हणाली. "पण... लागलंय कुठे?"

त्यानं फाइल उचलली, चष्मा तिथेच राहिला, तो घ्यायला परत आला आणि तसाच निघून गेला.

शुक्रवारी सकाळी काकांनी तिच्या हातात लिफाफा ठेवला. "वकीलसाहेब देऊन गेले. पोच म्हणून माझी सहीसुद्धा घेतली. वेड लागलंय त्यांना."

आत कॅव्हेट होतं. आमची बाजू ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असं आधीच सांगून ठेवणारा अर्ज. वकील असे अर्ज कोर्टात देतात, हा टायपिस्टाला दिला होता. स्वतः टाइप केलेला. ऱ्हस्व-दीर्घाचा पार चुथडा.

'सदर बाईंनी नोकरीबाबतचा निर्णय माझं ऐकल्याशिवाय देऊ नये.'

मजकुरात लॅटिनचा एक शब्द नव्हता.

दुपारी तो काळ्या कोटात दारात उभा राहिला. काका हवा खायला बाहेर गेले. बाहेर वारा अजिबात नव्हता.

"बोलायच्या आधी एक," ती म्हणाली. "या प्रकरणात तुमचा अधिकार काय? गिऱ्हाइकाचा?"

"गिऱ्हाईक होतो. आता... मी मनात एखादं वाक्य जुळवतो, आणि तुम्ही ते कसं म्हणाल तेच ऐकू येतं."

"हे टायपिस्टाबद्दल झालं."

"माझं प्रेम आहे तुमच्यावर. हे कुणाबद्दल झालं?"

ती म्हणाली, "मग जाऊ नको म्हणा."

"ते नाही म्हणणार. त्या वहीची वाट बघत तिथे हजार म्हातारे बसलेत. जा तुम्ही. फक्त मला इथे सोडून दिलंत असं समजून जाऊ नका. शनिवार-रविवार मला सुट्टी असते. आणि हातातली प्रकरणं संपायला वर्ष लागेल. कोर्ट काय, तिथेही आहेच."

ती यंत्राकडे वळली. या वेळी एकही अक्षर चुकलं नाही. कागद बाहेर आला.

"हुकूम," ती म्हणाली. "वाचा."

'अर्जदाराचं म्हणणं ऐकलं. पटलं. नोकरी स्वीकारण्यात येत आहे. वर्षभर एक शनिवार इथे, एक तिथे. त्यानंतर दोघांनी एकाच गावात राहावं.'

तो वकिलासारखा वाचत होता, ओळीखाली बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"इथे..." तो म्हणाला. "कायद्यानं इथे 'दोन्ही पक्षांनी' लागतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "'दोघांनी'च राहू दे."