इंजिन कोणी बंद केलं?

मोटार कारखान्याच्या फाटकाजवळच्या चौकीत घुसली होती. विटांची भिंत बॉनेटवर कोसळली होती आणि भिंतीपलीकडे रखवालदार पडला होता. सुकाणूमागे, सीटच्या पट्ट्यात अडकलेली सुरक्षा अधिकाऱ्यांची मेहुणी, धाकटी, बेशुद्ध होती.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा दोघांनाही रुग्णालयात हलवलं होतं. फाटकावर कामगारांची गर्दी तेवढी उरली होती, आणि ती नुसती धुमसत होती.

"मेहुण्याच्या घरात फुकट राहायचं आणि वर त्याच्या मोटारी उडवायच्या!"

"लायसन हिला दिलं तरी कोणी?"

मेहुणा म्हणजे कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. सगळे त्यांना साहेब म्हणत. धाकटी विधवा झाल्यावर थोरल्या बहिणीकडे, म्हणजे साहेबांच्या घरी, राहायला आली होती. कारखान्यामागच्याच वसाहतीत घर होतं.

पहिली धावून आली होती ती कँटीनवाली मावशी. बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"तू आलीस तेव्हा गाडी चालू होती?"

"कुठली! गप्प उभी होती. पिवळे दिवे मात्र चारी बाजूंनी डोळे मिचकावत होते."

"आवाज झाल्या झाल्या आलीस?"

मावशी घुटमळली. "आधण उकळत होतं, बाई. ते उतरवलं आणि मग आले. चुकलंच माझं."

"गाडीतल्या बाईंना हात लावलास?"

"छे हो! साहेबांनी सगळ्यांकडून घोकून घेतलंय. आधी जखमीकडे बघा, मदतीला फोन करा, इंजिन बंद करा, दिवे लावा, मान सांभाळल्याशिवाय कुणाला हलवू नका. त्यांच्या मानेला तर दोन्हीकडून टॉवेलच्या गुंडाळ्या लावलेल्याच होत्या."

"कोणी लावल्या?"

"मला वाटलं साहेबांनी. पण ते तर माझ्या मागून धावत आले. फोनही मीच केला, ऑफिसात जाऊन."

बाईंनी मोटारीत डोकावून पाहिलं. किल्ली काढून पुढच्या फळीवर ठेवली होती. हातब्रेक नीट वर ओढलेला होता.

"बेशुद्ध बाईनं बरीच कामं उरकली म्हणायची," त्या पुटपुटल्या.

साहेब तेव्हा शेडमध्ये अख्ख्या पाळीला आग विझवायला शिकवत होते. तसं सांगणारी शेडभर माणसं होती.

आता पट्टा न लावणाऱ्याला लोक टोकतात. त्या काळी लावणाऱ्यालाच हसत. "साहेब, विमान उडवताय काय?" असं कामगार त्यांना तोंडावर विचारायचे. पण साहेबांच्या घरात पट्टा लावल्याशिवाय मोटार हलत नसे. जेवताना पानावरही अपघाताचेच धडे चालत. तशी माणसं आता कुठे राहिली आहेत?

रुग्णालयाच्या व्हरांड्यात रखवालदाराची बायको जमिनीवर बसली होती. आतून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली.

"रक्त फार गेलं. थोडं आधी आणलं असतं, तर..."

ती किंचाळली नाही. उठली आणि धाकटीच्या खोलीचं दार दोन्ही हातांनी बडवू लागली. "बाहेर काढा तिला! माझ्या माणसाला मारून झोपलीय!"

दोन शिपायांनी तिला आवरलं. बाई आत गेल्या.

धाकटी शुद्धीवर आली होती. अंगानं अगदी काडी, आणि त्या काडीची मान डॉक्टरी गळपट्ट्यात आवळलेली.

"गाडी कुठे नेत होतात?"

"मला आठवत नाही."

"मग काय आठवतं?"

"सकाळी दोरीवर कपडे वाळत घातले. पुढचं काहीच नाही. बाई, खरंच मी मारलं का हो त्याला? सगळे तसंच म्हणतायत."

"तुम्ही काय म्हणता?"

"एवढे लोक म्हणतायत, तर मारलंच असेल."

नर्सनं चादर सारली. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत पट्ट्याचा काळानिळा वळ उमटला होता. बाई तो बराच वेळ बघत राहिल्या.

तेवढ्यात साहेबांबरोबर थोरली आली. अंगाभोवती शाल घट्ट ओढलेली. दारातूनच ती पांढऱ्या कपड्यातल्या नर्सवर कडाडली, "फौजदारबाई, हिला सोडू नका! विचारायची पद्धत नाही, किल्ली उचलली आणि निघाली. आमच्या तोंडाला काळं फासलं हिनं."

"मी नर्स आहे," नर्स म्हणाली.

"बसा ना," बाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "पाणी घ्या. तुम्ही कुठे होतात?"

"घरी. दुसरं कुठे असणार?" थोरलीनं डाव्या हातानं पेला घेतला. उजवा शालीतच राहिला.

"मोटार चालवता?"

"पूर्वी चालवायचे."

"डोळ्यांमुळे तिला लायसन पुन्हा मिळालं नाही," साहेब म्हणाले. "मोतीबिंदू आहे."

"उजवा हात जरा वर करता?"

"कशाला?"

"करा तर."

थोरली जागची हलली नाही. साहेब वैतागले. "अहो बाई, गुन्हेगार त्या पलंगावर आहे. हिला कशाला छळताय?"

"साहेब, तुमचाच धडा तुम्हाला म्हणून दाखवते," बाई म्हणाल्या. "इंजिन बंद, दिवे चालू, हातब्रेक ओढलेला, मानेला गुंडाळ्या. हे सगळं मावशी येण्याआधी झालं होतं. बेशुद्ध माणूस हे करत नाही. म्हणजे धडा पाठ असलेलं दुसरं कुणीतरी तिथे होतं. कामगार सगळे तुमच्यासमोर शेडमध्ये होते. मग उरलं कोण? रोज पानावर तोच धडा ऐकणारं माणूस."

"ऐकलं म्हणून गुन्हेगार होतं?"

"नाही. पण पट्टा नेहमी दाराकडून येतो. चालवणाऱ्याचं दार उजवीकडे, म्हणून वळ उजव्या खांद्यावर उठतो. तुमच्या मेहुणीचा वळ डाव्या खांद्यावर आहे. आदळली तेव्हा ती शेजारच्या जागेवर होती. तिला नंतर सुकाणूमागे ओढून पुन्हा पट्टा बांधला. जिनं ओढलं, तिला चार हातांवरची नर्स नीट दिसत नाही. चौकी तरी कशी दिसणार? लायसन नव्हतं, म्हणून जिच्याकडे आहे तिला पुढे केलं आणि मागच्या वाटेनं घर गाठलं. मार लागला तेव्हा कळला नसेल. आता खांदा उचलत नाही."

साहेबांनी बायकोच्या अंगावरची शाल ओढली. ब्लाउजच्या गळ्याशी, उजव्या खांद्यावर, वळ जांभळा झाला होता.

"तुमचंच नाव गेलं असतं!" थोरली त्यांच्यावर ओरडली. "सुरक्षेच्या साहेबांची बायको, विनालायसन, त्यांच्याच फाटकावर! हिचं काय जाणार होतं? ना घर, ना नवरा."

"रखवालदार जिवंत होता तेव्हा?" साहेबांनी विचारलं.

"पाणी मागत होता."

"आणि तू फोन केला नाहीस."

थोरली पलंगाकडे वळली. "मान तरी सांभाळली ना मी तुझी? सांग की ह्यांना!"

धाकटीला मान वळवता येत नव्हती. ती छताकडे बघतच बोलली.

"ताई, तो पाणी मागत होता म्हणतेस. त्याला सोडून तू माझ्या मानेला टॉवेल लावत बसलीस. माझ्यासाठी नाही. मी मेले असते, तर तुझ्याऐवजी तुरुंगात कोण गेलं असतं?"

बाईंनी दार उघडलं. रखवालदाराची बायको उंबऱ्यातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मघापासून वळलेली मूठ तिनं अजून सोडली नव्हती. आता फक्त ती कुणाकडे न्यायची, ते तिला ठाऊक झालं होतं.

शिपाई तिला अडवायला पुढे झाला. साहेब बायकोच्या जवळून बाजूला सरले आणि भिंतीला जाऊन उभे राहिले.