सांडशीची व्युत्पत्ती

सकाळी चहाचं पातेलं उतरवताना बोट भाजलं नसतं, तर त्या भांड्यांच्या दुकानात मी पाऊलही ठेवलं नसतं. काउंटरमागचा तरुण एका आजींना मोठ्या ठसक्यात सांगत होता, "सांडू नये म्हणून सांडशी. नावातच गॅरंटी आहे, आजी."

मला राहवलं नाही. नोकरी शब्दकोशाच्या कचेरीत; चूक दिसली की हात शिवशिवतात. आजी गेल्यावर म्हटलं, "सांडण्याशी तिचा काही संबंध नाही. मूळ शब्द संदंश. सम् म्हणजे एकत्र, दंश म्हणजे चावा. दोन्ही बाजूंनी चावून धरते ती."

"चावते?" त्यानं सांडशी माझ्यासमोर दोनदा उघडमीट केली. "आणि तुम्ही?"

"मी फक्त चुका धरते."

"मग रोजच यावं लागेल तुम्हाला इथे."

आणि मी जाऊ लागले की... आज कढई, उद्या पळी, परवा झारा. निमित्तांना काय तोटा? तो मला 'शब्दबाई' म्हणायचा. मी दिसले की पुसलेलं स्टूल पुन्हा पुसायचा. मला तो आवडत होता, फार आवडत होता. पण आधी सांगणार कोण?

त्यानंच सांगितलं. एके दुपारी पाठकोऱ्या कागदाची घडी माझ्या हातात ठेवली आणि नजर चुकवत म्हणाला, "तुमच्या कोशासाठी... माझा अर्थ."

घडी मी कचेरीत उघडली. 'सांडशी म्हणजे दोन दांडे. एकट्या दांड्याने वाटीसुद्धा उचलत नाहि. एक दांडा मी आहे. दुसरा तू होशिल का?'

पहिल्यांदाच 'तू'! छातीत धडधडायला लागलं, आणि हातानं मात्र सवयीनं लाल पेन्सिल उचलली. 'नाहि'ची वेलांटी दीर्घ केली, 'होशिल'ची केली. संध्याकाळी कागद परत देऊन गालातल्या गालात हसले. लाडात आले होते मी. उत्तर दोन दिवसांनी देणार होते, जरा झुरू दे म्हटलं. त्यानं घडी उघडून पाहिली आणि 'बरं' म्हणाला.

मग कोशातल्या 'स' अक्षराची मुद्रितं तपासायला आली आणि दोन दिवसांचे वीस झाले. एकविसाव्या दिवशी गेले तर काउंटरवर त्याची आई. "या शब्दबाई, आमच्या चिरंजिवांचं लग्न ठरलं हो," ती कौतुकानं म्हणाली.

तो मागच्या खोलीत पातेली रचत होता. मी दारातच थांबले.

"मी नाही म्हटलं नव्हतं."

"मग काय म्हटलं होतं?"

"शुद्धलेखन... तपासलं होतं."

तो हसला. मग ते हसू ओसरलं. "मला वाटलं, नापास केलंत."

पुन्हा 'तुम्ही'. ते फार लागलं मला.

"आता काही—"

"मुलीकडच्यांना शब्द दिलाय. आईनंही, मीही." त्यानं एका पातेल्यात दुसरं ठेवलं. "विचारायला आलो होतो मी. दोनदा. तुमच्या कचेरीच्या फाटकापर्यंत."

"आत का नाही आलात?"

"येऊन काय बोलणार? बोलण्यातही चुका होतात माझ्या."

कर की चुका, जन्मभर कर, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली, आणि "आलो" म्हणत तो माझ्या शेजारून निघून गेला.