लाल दरीतल्या लाल फिती

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौघं बुलगुन दरीतले सात मॅपल बघायला निघालो होतो. जुन्या मठाच्या झऱ्याभोवती ते सात वृक्ष उभे आहेत, आणि वर्षातले जेमतेम चार दिवस ते असे पेटतात म्हणे, की बघणाऱ्याची वाचाच बसते! ‘म्हणे’ अशासाठी, की मला लाल रंग दिसत नाही. हिरवाही दिसत नाही. सगळ्यांना डोंगर पेटलेला दिसतो तेव्हा मला तो मातकट दिसतो, मे महिन्यात दिसतो तसाच. तरी तीस वर्षं मी दर शरदात पानं बघायला जात होतो आणि चारचौघांबरोबर ‘अहाहा’ म्हणत होतो.

हे गुपित फक्त माझ्या बायकोला, हेसुनला, ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच शरदात तिनं मला बाजारातून लाल मिरच्या आणायला सांगितल्या. मी हिरव्या आणल्या. तिनं परत पाठवलं, तर पुन्हा हिरव्याच! तिसऱ्या खेपेला ती स्वतःच मिरच्या आणायला गेली. पण त्या रविवारी डोंगरावर ती माझ्या कानाशी हळूच पुटपुटली, “अहो, उजवीकडचं झाड तिखट आहे. त्याच्या वरचं गोड. मागची रांग सगळी आंबट.”

मला लख्ख समजलं. तिखट म्हणजे लाल, गोड म्हणजे नारिंगी, आंबट म्हणजे पिवळं. त्या दिवशी मला डोंगर पहिल्यांदा दिसला असं म्हटलं तरी चालेल. माझी नोकरी या डोळ्यांपायी गेली होती. रेल्वेत सिग्नल सांभाळायला निघालेला पोरगा, आणि तपासणीत रंगीत ठिपक्यांतला आकडा भलताच सांगितला. बाकीची पोरं खो खो हसली. तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप होतं, आणि हेसुननं त्या कुलपाला कधी हात लावला नाही. तिचं तिखट-गोड कानावर पडलं की आमच्या गिर्यारोहण मंडळातल्या लोकांना वाटायचं, या बाईचं लक्ष सदा डब्यात!

आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे मा ग्वांगप्यो. ‘मा’ हे आडनाव, म्हणून सगळे त्यांना मासाहेब म्हणतात. चौसष्ट वर्षांचा धिप्पाड माणूस, फलक छापायचं दुकान, आणि आवाज असा की खालच्या गावातली कुत्री वर बघतात. आमच्याकडे प्रत्येक मंडळ वाटेवरच्या फांद्यांना आपल्या नावाची फीत बांधतं, मागून येणारा चुकू नये म्हणून. मासाहेबांनी यंदा स्वतःच्या दुकानात नव्या फिती छापल्या होत्या. मॅपल मंडळाच्या फिती, म्हणून मॅपलसारख्या लालभडक! मे महिन्यात आम्ही बुलगुन दरीत त्या चाळीस ठिकाणी बांधल्या.

“या दिसत नाहीत हो नीट,” मी तेव्हा म्हणालो होतो.

“चष्मा बदल, दोकसू!” मासाहेब गरजले होते. “हिरव्या रानात कशा चमकतायत बघ!”

चौथी गुमरान. बाजारात तिची शेवयांची गाडी आहे. जीभ तिच्या सुरीहून धारदार.

सकाळी आम्ही पलीकडून कड्याच्या वाटेनं चढलो. बेत सोपा होता. दुपारी शिखर, मग बुलगुन दरीतून फितींच्या मागे मागे उतरायचं, वाटेत मठाकडे वळून सात मॅपल बघायचे आणि उजेड असताना खालच्या लाकडी पुलावर पोचायचं. शिखरावर भाताच्या गुंडाळ्या खाल्ल्या, काकड्या खाल्ल्या, एक काकडी अनोळखी म्हाताऱ्यालाही दिली.

“ताई, आता सांगा, कुठलं झाड तिखट?” गुमराननं चिडवलं.

“तुझ्याइतकं एकही नाही गं,” हेसुन म्हणाली.

दरीत शिरलो आणि पहिला धक्का बसला. आदल्या रात्रीच्या वाऱ्यानं पानांचा खच पाडला होता. वाट गुडघाभर पानांखाली गडप! पाय टाकावा तर खाली दगड आहे, खड्डा आहे की पाणी, काही कळेना. काठीनं चाचपडत आम्ही तासभर उतरलो. सव्वातीन वाजता मठाचा फाटा आला. सात मॅपल तिथून फक्त अर्ध्या तासावर होते.

ओढा ओलांडताना हेसुनचा पाय पानांखालच्या शेवाळावरून सटकला. धप्प! ती पाठीवर पाण्यात आपटली. मी उडी मारली, मासाहेबांनी काखेत हात घालून तिला बाहेर ओढलं. घोटा बघता बघता सुजला. आणि ती कमरेपासून केसांपर्यंत चिंब भिजली होती!

“हसू नका कोणी,” ती म्हणाली. दात कडकडा वाजत होते.

गुमराननं आम्हा पुरुषांना पाठ करायला लावली, तिचे ओले कपडे उतरवले आणि पिशवीतला स्वतःचा कोरडा स्वेटर, विजार आणि अंगावरचा जाड कोट तिच्या अंगावर चढवला. तरी थरथर थांबेना. उन्हं कड्यामागे चालली होती. या दरीत अंधार पडला की पाणी गोठतं. फोनला रेंज नाही. मागे फिरावं तर दोन तासांची खडी चढण. खाली पूल दीड तासावर, आणि पुलावर रेंज येते.

“सात मॅपल राहू देत,” मी म्हणालो.

“तुम्ही बघून या पळत,” हेसुन पुटपुटली. “मी बसते इथे.”

“गप बस!” आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

मासाहेबांनी तिला पाठुंगळी घेतलं. गुमराननं ओढणीनं बांधून टाकलं. दहा मिनिटं गेली, आणि मासाहेब थबकले. समोर ओढ्याला तीन घळी फुटत होत्या. एकच पुलाकडे जाते. बाकीच्या दोन धबधब्याच्या कड्यावर संपतात.

“फीत बघा,” ते म्हणाले. “इथे मीच तर बांधली होती.”

गुमराननं बघितलं. मासाहेबांनी गोल फिरून बघितलं.

“सगळंच लाल आहे,” गुमरान हळूच म्हणाली. “अध्यक्षसाहेब, सगळंच लाल आहे हो! लाल रानात लाल फीत? कुठल्या शहाण्यानं...”

“मे महिन्यात रान हिरवं होतं गं!” मासाहेब रडकुंडीला आले. “उजवी. उजवीच असणार.”

मी बघत होतो. मला ना मे महिना वेगळा होता, ना ऑक्टोबर. मला कुठलीच लाल वस्तू आपणहून दिसत नाही. जन्मभर मी प्रत्येक गोष्ट आकारावरून हुडकत आलोय. पान थरथरतं, गोल फिरतं. फीत सरळ लोंबते आणि झोका घेते. तिच्यावर पानापेक्षा वेगळी चकाकी असते. डावीकडच्या घळीच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर, काहीतरी झोका घेत होतं.

“डावी!” मी म्हणालो.

“काहीतरीच! तिथे नुसती पानं आहेत.”

मासाहेब उजवीकडे वळलेही होते. त्यांच्या पाठीवर हेसुनची मान एका बाजूला कलली होती. तिची थरथर थांबली होती, आणि ते चांगलं लक्षण नव्हतं. आता लाज कसली सांभाळायची?

“थांबा! मला लाल दिसत नाही!” मी ओरडलो. “लहानपणापासून नाही. हिरवंही नाही. म्हणून मला फीत दिसतेय. तुम्ही रंग शोधताय!”

मी धावत जाऊन फांदी ओढली. हातात फीत होती. मॅपल मंडळ, मोठ्या अक्षरांत.

कोणी हसलं नाही. मासाहेब एवढंच म्हणाले, “पुढे हो दोकसू. तू म्हणशील तिथे.”

मग मी पुढे, मागे मासाहेब, शेवटी गुमरान, हेसुनला सारखं बोलतं ठेवत. “ताई, झोपायचं नाही! ताई, माझ्या रश्श्यात काय कमी असतं सांगा!” एक फीत. दुसरी. सहावी सापडेचना! पाच मिनिटं गेली. मी डोळे मिटले, पुन्हा उघडले. पुरुषभर उंच खडकामागच्या फांदीत ती उलटी अडकली होती. अकरावी. विसावी. मासाहेबांचा श्वास भात्यासारखा चालला होता, पण त्यांनी हेसुनला माझ्याकडे द्यायला साफ नकार दिला. “फिती मी छापल्या. ओझं मीच वाहणार.”

“मीठ,” मागून बारीक आवाज आला.

“काय म्हणालात ताई?”

“तुझ्या रश्श्यात मीठ कमी असतं.”

गुमरान रडता रडता हसली. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटची फीत पुलाच्या कठड्याला होती. साडेपाच वाजले होते. फोन लागला. रुग्णवाहिकावाले वीस मिनिटांत येतो म्हणाले. पुलाजवळच्या चहाच्या टपरीतल्या आजींनी काही न विचारता गरम पाण्याच्या बाटल्या आणि गोधडी आणून दिली. त्या आजींचं नावसुद्धा मला माहीत नाही. पण अजूनही डोंगराकडे तोंड केलं की आधी त्यांना नमस्कार करतो.

हेसुनच्या गालांवर हळूहळू ऊब आली. मी तिचे हात चोळत बसलो होतो. मासाहेब खाली मान घालून म्हणाले, “वहिनी, चुकलं माझं.” ती म्हणाली, “तुम्ही पाठीवरून आणलंत, भावजी. आता चुकलं कसलं?”

गुमराननं माझ्याकडे रोखून बघितलं. “दोकसूदादा, मग तीस वर्षं तुम्ही काय बघायला येत होता?”

“बघायला नाही गं. ऐकायला.”

तिनं हेसुनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवला. तिखट, गोड, आंबट. तिला आत्ता उलगडलं होतं.

तेवढ्यात मावळतीचं ऊन कड्याच्या फटीतून आत आलं आणि समोरच्या अख्ख्या उतारावर पसरलं. सगळ्यांनी माना तिकडे वळवल्या. हेसुन सवयीनं माझ्या कानाशी वाकली.

“मोठ्यानं सांगा की वहिनी,” मासाहेब म्हणाले.

तिनं नजरेनंच मला विचारलं. मी मान हलवली.

“खालची सगळी रांग आंबट,” ती मोठ्यानं म्हणाली. “मध्ये दोन गोड.”

“वर ते एकटं आहे ना,” गुमरान म्हणाली, “ते झणझणीत! डोळ्यांतून पाणी काढेल असं!”

आमचे सात मॅपल मागे राहिले होते, आणि मला त्याचं तिळमात्र दुःख नव्हतं. हेसुनचा ऊबदार हात माझ्या हातात होता. तीस वर्षांत पहिल्यांदा मी चारचौघांसमोर तोंड उघडून विचारलं, “आणि त्याच्या मागचं?”

“त्याच्या मागचं?” मासाहेबांनी डोळे बारीक केले आणि नीट बघितलं. “ते अजून कच्चं आहे, दोकसू. पुढच्या शनिवारी पिकेल.”