दुसरीला दिलेलं नाव

यातलं काहीही मी रचलेलं नाही. उलट एक गोष्ट गाळली आहे.

ते नाव.

ते मी इथे लिहिणार नाही. कोणी खोदून विचारलं तरी सांगणार नाही.

डिसेंबरातला मंगळवार होता. दुपारचे पावणेचार. आमचं पोर्टगार्व्ही स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. त्या दिवसांत तिथे साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.

माझी दुसरी लेक एकोणीस दिवसांची होती. पोटभर पिऊन माझ्या मांडीवर झोपली होती.

समोर सासू बसली होती. विल्मा. धुरावलेल्या हॅडॉकचं सूप घेऊन आली होती, आणि त्यासोबत तिचा हट्ट.

“एकवीस दिवसांच्या आत नोंद करावी लागते, पोरी. दोन उरले. अजून कसला विचार चाललाय?”

“विचार झालाय. मिरन ठेवणार.”

“मिरन!” तिने चमचा खाली ठेवला. “आपल्या फ्लेट घराण्यात मिरन कोण होती? मांजर? घरचं हक्काचं नाव आहे की. नुसतं पडून आहे.”

पडून आहे, म्हणाली.

ते नाव माझ्या पहिल्या लेकीचं होतं. ती दोन वर्षांपूर्वी जन्मली आणि नऊ दिवस जगली. कड्यावरच्या दफनभूमीत तिचा दगड आहे. त्या दगडावर ते नाव कोरलेलं आहे.

“ते तिचं आहे, विल्मा.”

“तिला काय करायचंय आता नावाचं?”

ती हे दुष्टपणे म्हणाली नाही. सुपावर फुंकर घालत, सहज म्हणाली. तेच मला जास्त लागलं.

जुन्या घरांत आमच्याकडे हीच रीत होती. मूल गेलं, की पुढच्याला तेच नाव द्यायचं. आजीचं, पणजीचं नाव घरातून जाऊ द्यायचं नाही. आता कोणी करत नाही. फ्लेटांच्या घरात मात्र रीत म्हणजे रीत.

विल्मा वाकली. बाळाच्या गालावर बोट फिरवलं आणि लाडाने त्याच नावाने हाक मारली.

आणि...

आतल्या छोट्या खोलीतून कोणीतरी रडलं.

मी मांडीवर पाहिलं. लेक गाढ झोपलेली. ओठ मिटलेले.

पुन्हा एकदा आलं... कोरडं, मांजरासारखं, शेवटी तुटणारं.

त्या खोलीत खोकी होती आणि एक घडी केलेला पाळणा. दार बंद होतं.

मी तो आवाज नऊ दिवस ऐकला होता. दुसऱ्या कुणाचा असू शकत नव्हता. माझ्याआधी माझ्या अंगाला कळलं. छातीत कळ आली आणि दूध उतरलं. झगा भिजला.

“सूप निवतंय,” विल्मा म्हणाली.

तिने त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

*

माझा नवरा ग्रेगर कोळंबीच्या बोटीवर आहे. संध्याकाळी आला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

“दमलीयेस तू, रोना,” तो म्हणाला. “झोप काढ.”

“आणि नाव?”

“आई म्हणते ते नाव लाभतं. भिंतीवर लिहिलंय ना.”

भिंतीवर म्हणजे विल्माच्या बैठकीत. तिथे चौकटीत घातलेला वंशवृक्ष आहे. एका हौशी माणसाकडून तिने तो करून घेतलेला. त्यात ते नाव होतं. जन्म १८६१, मृत्यू १९४९. अठ्ठ्याऐंशी वर्षं. विल्मा पाहुण्यांना त्यावर बोट ठेवून दाखवायची.

मला त्या चौकटीचा संशय होता. कारण आमच्या गावात आडनावावरून काहीही सिद्ध होत नाही. अर्धं गाव फ्लेट. त्यातही जेम्स फ्लेट एका वेळी बारा-पंधरा. म्हणून कोळ्यांच्या घरांना टोपणनावं असत, आणि ती सरकारी वहीतही उतरत. आमचं घर ‘लिंटी’. वंशवृक्षवाल्याने टोपणनावं सोडून दिली होती. नुसते फ्लेट जुळवले होते.

बुधवारी लेकीला एका बाजूला पाजत, दुसऱ्या हाताने मी फोनवर सरकारी जन्ममृत्यूच्या वह्या उघडल्या. जुन्या पानांची छायाचित्रंच असतात ती. तिरकं, शाईचं अक्षर. आमच्याकडे दफ्तरात बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत टिकतं, त्यामुळे आई कोण ते पक्कं कळतं.

जेम्स फ्लेट ‘लिंटी’ आणि मार्जरी स्लेटर. मुलगी. जन्म १८६१.

सापडली.

मग सहज मृत्यूची वही पाहिली...

तीच मुलगी. तेच आईबाप. १८६१. वय अकरा दिवस.

मी लेकीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

१८६३. त्याच आईबापांना मुलगी झाली. तेच नाव. गेली आठ महिन्यांची असताना.

१८६६. पुन्हा मुलगी. पुन्हा तेच नाव.

ही तिसरी जगली. १९४९ साली गेली ती ही. चौकटीतल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत अकरा दिवसांच्या पोरीचा जन्म होता आणि तिसरीचं मरण. मधली तर कुठेच नव्हती. तिघींची मिळून एक बाई केली होती, आणि तिला लाभाची म्हणत होते.

मी जिल्ह्याच्या अभिलेखागारात फोन केला. तिथले मिस्टर गेडिस जुन्या वह्यांमध्येच म्हातारे झालेत.

“पोर्टगार्व्हीचे फ्लेट?” ते हसले. “तुमच्या गावात दगड भिरकावला तर फ्लेटलाच लागतो, बाई. आणि शिवी देतो तोही फ्लेटच. टोपणनाव सांगा, तर काही बोलता येईल.”

“लिंटी.”

“हां. उद्या सकाळी करतो फोन.”

गुरुवार. एकविसावा दिवस. साडेदहाला त्यांचा फोन आला. या वेळी ते हसत नव्हते.

“गरिबांच्या मदतीच्या अर्जांची वही आहे, १९०३ सालची. त्यात त्या तिसरीचा अर्ज आहे. तिच्या घरी जाऊन अधिकाऱ्याने स्वतः पाहून लिहिलंय. म्हणजे नोंद भरवशाची. वाचू?”

“वाचा.”

“‘अर्जदार अविवाहित, वय सदतीस, प्रकृती धडधाकट. नावाने हाक मारली असता ओ देत नाही. कारण विचारता म्हणते, मला नव्हे, तिला बोलावताय. ती दाराबाहेर उभी आहे.’”

मी छोट्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“खाली आणखी एक ओळ आहे,” गेडिस म्हणाले. “‘दार उघडून पाहिले. कोणी नव्हते. अर्जदाराच्या आईने दार तातडीने लावून घेण्यास सांगितले.’”

फोन ठेवून मी ग्रेगरला हाक मारली.

घरात कोणी नव्हतं.

ओट्यावर चिठ्ठी होती. ‘आईसोबत जातोय, येताना दूध आणतो.’ आणि इस्पितळाने दिलेला बाळाच्या जन्माचा कागद जागेवर नव्हता.

एक वाजता तो आला. दूध आणलं होतं. दुसऱ्या हातात नोंदणी कचेरीचं पाकीट.

“रोना, ऐक... आजचाच दिवस होता. आईने इतकं...”

मी पाकीट उघडलं. नवा, करकरीत कागद. त्यावर ते नाव. खाली त्याची सही.

हाच माझा नवरा बोटीवर अजून सामन माशाचं नाव घेत नाही. अपशकुन म्हणून ‘लाल मासा’ म्हणतो. आणि मेलेल्या लेकीचं नाव जिवंत लेकीला देताना त्याचा हात अडखळला नाही.

“शंभर वर्षांनी कोणीतरी हे पान काढेल,” मी म्हटलं. “आणि माझ्या दोन पोरींची एक करेल.”

“दूध फ्रीजमध्ये ठेवू का?” त्याने विचारलं.

*

त्यानंतर रोज होऊ लागलं.

मी लेकीला मिरनच म्हणायचे. तेव्हा काही नाही. पण दुसऱ्या कुणी ते नाव उच्चारलं... आरोग्यसेविकेने, दुकानातून आलेल्या बाईने... की छोट्या खोलीतून रडणं यायचं. त्यांना ऐकू जायचं नाही. मला जायचं. माझं दूध उतरायचं.

आणि लेक गप्प व्हायची. हसत असली तर हसणं थांबायचं. ती हळूच मान वळवून त्या दाराकडे बघायची...

जणू जिला हाक मारलीय, ती आता बाहेर येईल.

फेब्रुवारीत वादळ आलं. बोटी बंदरात. ग्रेगर घरी. विल्मा जेवायला आली होती. खिमा आणि बटाटे. ग्रेगर बोळातून, छोट्या खोलीवरून, ताटं घेऊन येत होता. विल्माने लेकीला कडेवर उचललं आणि ते नाव घेतलं.

बोळात ताटं फुटली.

मी धावले. ग्रेगर जमिनीवर बसला होता, पाठ भिंतीला. दाराकडे बघत. आतून येतच होतं... कोरडं, तुटणारं...

“ती आहे,” तो म्हणाला. “रोना, ती आहे.”

“मी डिसेंबरापासून तेच सांगतेय.”

विल्मा लेकीला घेऊन मागे येऊन उभी राहिली. तिने फुटलेली ताटं पाहिली. दार पाहिलं.

“काही दिवस रडतं,” ती शांतपणे म्हणाली. “मग थांबतं.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“मला काय विचारतेस? माझंही थांबलं.”

ग्रेगरच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. त्याचंही नाव ग्रेगर होतं. हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या नवऱ्यालाही त्याच दिवशी कळलं.

नाव बदलायला दोघांच्या सह्या लागतात. ग्रेगरने दुसऱ्या दिवशी केली. मार्चमध्ये नवा कागद आला. मिरन फ्लेट. विल्मा त्यानंतर आमच्या घरी आलेली नाही.

आणि रडणं थांबलं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. बिघडवली ती मी.

कारण घर फार शांत झालं. नऊ दिवस, आणि मग त्या हिवाळ्यातले तीन महिने. माझ्या पहिल्या लेकीचा आवाज मला एवढाच मिळाला होता. तो मीच भांडून बंद पाडला. भीती वाटायची तेव्हाही दूध उतरायचं, हे कुणाला सांगू? घाबरलेली असतानाही मी तिची आईच होते.

एका दुपारी मिरन झोपली, तेव्हा मी छोट्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. कुजबुजत तिचं नाव घेतलं.

काही नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. मग रोज. मिरन झोपली की मी दाराशी. एकदाच हाक मारायची. थांबायचं. परत यायचं. उन्हाळा गेला, शरद गेला. आतून कधीच उत्तर आलं नाही.

गेल्या सोमवारी आलं.

पण त्या खोलीतून नाही...

माझ्या मागून. आमच्या झोपायच्या खोलीतून.

“ओ?”

मी गेले. मिरन पलंगावर उठून बसली होती. माझ्याकडे बघून हसत होती. चार महिन्यांची होती तेव्हापासून तिच्यासमोर ते नाव कोणी घेतलेलं नाही. ती दोन शब्द बोलते. ओ कधी देत नाही.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “मिरन?”

ती हसतच राहिली. तिने ओ दिली नाही.

बोळाच्या टोकाला, बंद दारामागे... कोणीतरी रडायला लागलं.

कोरडं नव्हतं ते. तुटणारं नव्हतं. भरलेलं, रागावलेलं, जिवंत पोराचं रडणं. रोज सकाळी मला उठवतं, ते मिरनचं.

मी दार उघडलं. खोकी. घडी केलेला पाळणा.

ग्रेगर म्हणतो, या वेळी मात्र भास. गेडिसनाही फोन केला. म्हणाले, वहीत याच्या पुढे काही नाही, बाई.

आता दुपारचे तीन वाजलेत. ती शेजारी झोपली आहे. गालावर उशीची सुरकुती, मूठ माझ्या बोटावर. वास तोच आहे. वजन तेच आहे. पापण्या हलायला लागल्यात.

चार दिवस झाले. मी तिला कुठल्याही नावाने हाक मारलेली नाही.