दोन ठिपके, तीन ठिपके

रात्रीच्या भुतांच्या गोष्टी कुणीबी सांगतंय. ही भर दुपारची आहे.

खरी आहे का, असं विचारू नका. ज्यांच्यावर बेतली ते आमचे सूर्यभानकाका अजून धडधाकट आहेत, ताडकळसलाच राहतात. त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडला आजही बाहेरून कुलूप आहे. पटत नसेल तर या, आणि दुपारी दोनला त्या शेडपाशी उभे राहा.

मी मात्र सोबत येणार नाही.

काका एसटीच्या डेपोत तीस वर्षं इंजिनाचं काम करायचे. रिटायर झाले त्या साली परभणीच्या एका डॉक्टरांच्या अंगणातून त्यांनी जुनी अमेरिकन गाडी आणली. डॉज. डॉक्टरांच्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेली. बॉडी शाबूत, पण इंजिन झिजून पार खलास. ट्रॅक्टरला बांधून गावात आणली तेव्हा अर्धं गाव हसलं.

सरजाकाकू हसली नाही. ती मागच्या सीटवर जाऊन बसली, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिच्यात बसून मला एकदा माहेरला न्या. बायना बघंल दारातून."

माहेर राणीसावरगाव. बायनाबाई तिची धाकटी बहीण.

काकांनी शब्द दिला.

इंजिन बांधायला जोडीला आले माणिकराव, चुडाव्याचे. डेपोत दोघांनी एकाच खड्ड्यात उतरून बसगाड्या दुरुस्त केलेल्या. माणिकरावांची बायको वारलेली, पोरगा पुण्याला, घरात एकटा जीव. रोज दुपारी दोनला त्यांची मोटरसायकल शेडसमोर लागायची. आत आले की पान्याचा दांडा इंजिनाच्या ब्लॉकवर दोनदा मारायचे.

टक... टक.

मग कामाला हात. काकू चहा घेऊन यायची आणि कधी होतंय म्हणून विचारायची. माणिकरावांचं उत्तर ठरलेलं. "काम चालू हाय, वहिनी."

सात वर्षं काम चालूच होतं.

आता एवढं एक समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. त्याला चार लोखंडी कॅप धरून ठेवतात. ज्या जागेची कॅप त्याच जागी बसली पाहिजे. मधल्या दोन दिसायला सारख्या असतात, पण त्यांची अदलाबदल झाली की क्रँक जाम. म्हणून इंजिन उघडतानाच कॅपांवर पंचनं ठिपके मारतात. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, असे चारपर्यंत. यांच्या डेपोत एक रीत होती. उघडणाऱ्यानं ठिपके मारायचे, आणि बसवणाऱ्यानं त्या ठिपक्यांवर शंका घ्यायची नाही. शंका घेतली तर तो त्या माणसाचा अपमान.

हे इंजिन उघडलं होतं माणिकरावांनी.

तीनदा बांधलं, तीनदा जाम झालं. काकांनी बेअरिंग बदलले. क्रँक नांदेडला लेथवर नेला. त्या लेथवाल्याशी कडाक्याचं भांडणसुद्धा केलं. माणिकराव शांतपणे म्हणायचे, पुन्हा खोलू, घाई कशाची.

काकूला घाई होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटी शेवटी म्हणायची, राहू द्या ती गाडी, एसटीनं जाऊ. एसटीनंही जाणं झालं नाही.

त्याच साली दिवाळीनंतर माणिकरावही गेले, झोपेतच. काकांनी खांदा दिला. त्यानंतर पान्याला हात लावायचं मन होईना. वैशाखात त्यांनी ठरवलं, बास. आठवडी बाजाराच्या दिवशी येऊन सगळं उचल, असं भंगारवाल्याला सांगून टाकलं. सुटे भाग पुसून गोणपाटावर ओळीनं मांडून ठेवले.

दुसऱ्या दिवशीची दुपार. लाइट गेलेली, ऊन रटरटत होतं. काका ओसरीत आडवे झाले होते.

आणि...

टक... टक.

काका ताडकन उठून बसले. शेडमध्ये गेले. कुणीच नव्हतं. गोणपाटावर चार कॅप होत्या.

मधल्या दोन बदललेल्या होत्या. दोन ठिपक्यांच्या जागी तीन ठिपक्यांची.

आपलीच चूक झाली असेल म्हणून काकांनी त्या नीट ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दोनला पुन्हा टक... टक. पुन्हा मधल्या दोन बदललेल्या. बाहेर मांजरसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काका दोनच्या आधीच शेडमध्ये जाऊन बसले. आवाज झाला नाही. थोड्या वेळानं त्यांची सून निकिता चहा घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप.

"दुसरा कुणाला गं?"

"तुमी दोघं बोलायलाव न्हाई का मामा? मला वाटलं पाव्हणे हायत."

काका तर तोंडातून चकार शब्द बोलले नव्हते.

त्यांनी गोणपाटाकडे पाहिलं... ते शेजारी बसलेले असताना मधल्या दोन कॅप बदलल्या होत्या.

अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर पाठोपाठ त्यांना रडू फुटलं. दोस्त आलाय. मेल्यावरही अर्धं काम टाकून गेला नाही. निकिता गेल्यावर ते हळूच म्हणाले, "आलास व्हय रे माणिक."

मग त्यांनी कधीच केलं नव्हतं ते केलं. ठिपके सोडून, त्या बदललेल्या क्रमानं कॅप बसवल्या. नट आवळले. क्रँकला हात लावला.

दोन बोटांनी फिरला!

काका पोरासारखे हसले. एक मिनिटभर हसले असतील. मग डोक्यात सणक गेली. हे बरोबर असेल तर ठिपके चूक होते. पहिल्या दिवसापासून.

त्यांनी त्या दोन कॅप काढून डिझेलमध्ये धुतल्या आणि उन्हात नेल्या. ठिपक्यांच्या बाजूला कानशीनं घासल्याच्या बारीक रेघा होत्या. कंपनीनं ओतलेला आकडा कुणीतरी घासून काढला होता. तीन ठिपक्यांच्या कॅपवर त्या आकड्याची शेपटी तेवढी उरली होती.

दोनची शेपटी.

चुकून झालं असतं तर आकडा कुणी घासला नसता. सात वर्षं. नांदेडच्या खेपा. त्या लेथवाल्याला दिलेल्या शिव्या. आणि जाम झालं की पाठीवर हात ठेवून "पुन्हा खोलू" म्हणणारा हा माणूस. केसानं गळा कापला होता. का, तेही काकांना तिथंच उन्हात उभ्या उभ्या कळलं. गाडी झाली असती तर दुपारी दोनला माणिकरावांना जायला जागा उरली नसती.

काका शेडमध्ये शिरले आणि रिकाम्या स्टुलाकडे बघून बोलले.

"एकटा हुतास तर मला सांगायचं. मी काय येऊ नको म्हणलो असतो? सरजा वाट बघून मेली, माणिक. तू तिच्या हातचा च्या पेत हुतास."

काकांना वाटलं, चला, मेल्यावर का होईना, कबुली तरी दिली. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. खोटे ठिपके कानशीनं काढून टाकले आणि आपल्या हातानं नवे मारले. दहा दिवसांत एकट्यानं इंजिन बांधलं. एकेका नटावर पांढऱ्या पेंटची रेघ ओढली, म्हणजे नट जरा जरी हलला तरी रेघ तुटून कळेल. गल्लीतल्या माणसांनी चेन-कप्पीनं इंजिन गाडीत बसवून दिलं.

संध्याकाळी गाडी चालू झाली. पंधरा मिनिटं इंजिन गुमान चाललं. काकांनी बोनेटवर डोकं टेकलं आणि रडले. मग बायनाबाईला फोन लावला. उद्या सकाळी येतो, सरजाला घेऊन येतो. म्हणजे तिचा फोटो. निकितानं काकूचं हिरवं लुगडं घडी करून मागच्या सीटवर ठेवलं. काकांनी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधून झोपले.

सकाळी गाडीची किल्ली फिरवली...

कट.

परत फिरवली. कट. समोरून हँडल घातलं, दोन्ही हातांनी जोर लावला. इंजिन तसूभर हललं नाही.

काका गाडीखाली शिरले. पेंटच्या रेघा जशाच्या तशा. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचं गॅस्केट चिकटलेलं, कुठंही उचकटलेलं नाही. त्यांनी ऑइल काढलं, चेंबर उतरवलं, टॉर्च मारला.

दोन ठिपक्यांच्या जागी तीन ठिपके होते. त्यांच्या स्वतःच्या हातचे.

तिथंच उताणे पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आलं. कसली कबुली न् कसलं काय. गाडी भंगारात जायला लागली म्हणून त्यानं खरं दाखवलं होतं. आता ती रस्त्यावर जायला लागली, म्हणून...

त्याला काम बंद पडू द्यायचं नव्हतं, आणि पुरंही होऊ द्यायचं नव्हतं. एकाच माणसाला त्यानं दोनदा फसवलं.

तिकडं बायनाबाई दुपारपर्यंत दारात उभी होती. फोन तीनदा आला. काकांनी उचलला नाही, शेवटी निकिता काहीबाही बोलली.

काकांनी भंगारवाल्याला पुन्हा बोलावलं. गाडी जाताना बघवणार नाही म्हणून तो आला की लुगडं काढून घे, असं सांगून निकिताकडे शेडची किल्ली दिली आणि स्टँडवर जाऊन बसले. संध्याकाळी घरी आले तर कुलूप लागलेलं. फटीतून पाहिलं, गाडी जागेवर. भंगारवाल्याला फोन केला, आला का नाहीस रे बाबा?

"आल्तो की मामा, दोनला. किल्ली मागायच्या आधी सहज शेडकडं गेलो, तर फटीतून आत तुमचा माणूस दिसला. बाहेरून कुलूप बघून म्हणलं मागून दार आसंल. त्यानंच परत लावलं मला."

"काय म्हणला?"

"काम चालू हाय म्हणला."

त्या शेडला मागून दार नाही.

याला वर्ष झालं. काकांनी कुलूप उघडलेलं नाही. दुपारी दोनला ते रेडिओ मोठ्यानं लावतात. मी गेलो होतो तेव्हा विचारलं, भीती वाटते का?

"त्याचं भ्या न्हाई वाटत," ते म्हणाले. "पण सरजाचं लुगडं आतच राह्यलंय, मागच्या शीटवर. त्याच्यापाशी. आन् ते आणायला जायची माझी हिंमत होईना."

मी घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी होते. मी चहा न घेताच उठलो.