मागच्या दारावरचं दूध

"माझ्या हातात आता कुणी मूल देणार नाही," आयाबाई म्हणाल्या.

परवा सकाळी पाळणाघराच्या व्हॅनमध्ये त्यांच्या हातून दहा महिन्यांचं बाळ पडलं. कपाळाला चार टाके. आज पालकांच्या बैठकीत त्यांना सर्वांसमक्ष काढून टाकणार होते.

मास्तरीणबाईंनी चष्मा पुसला. शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून त्या खासगी तपासाकडे वळल्या होत्या. सोबतीला धाकटे दीर, निवृत्त पोस्टमन.

"चला भाऊजी, आधी व्हॅन बघू."

व्हॅन उघडताच भाऊजींनी नाकाला रुमाल लावला. नासक्या दुधाचा आंबूस भपकारा! मागच्या दारावर पिवळट ओघळ वाळले होते, त्यावर माश्या घोंघावत होत्या. ड्रायव्हरच्या सीटची पाठ मात्र स्वच्छ.

"दोन दिवसांत पुसलं नाहीत?"

"मुद्दाम," पाळणाघराच्या संचालिका म्हणाल्या. "बोटसुद्धा लावू दिलं नाही कुणाला. प्रत्येक पालकाला आणून दाखवते. हिच्या हातात बाटली राहत नाही, मूल काय राहणार!"

"आणि मुलं कशातून येतात?"

"यातूनच. खिडक्या उघड्या असतात की."

मास्तरीणबाई ड्रायव्हरकडे वळल्या.

ड्रायव्हर म्हणजे संचालिकेचा धाकटा भाऊ. तो घडाघडा बोलला. "चांगला वेगात चाललो होतो. समोर कुत्रं आलं. करकचून ब्रेक मारला. आयाबाईंनी बाळाला धरलंच नव्हतं."

"गाडी मागे घेत नव्हतास ना?"

"छे हो! सरळ पुढे."

"मी शेजारीच होते," संचालिका म्हणाल्या. "अगदी असंच झालं."

आयाबाईंनी मान हलवली. "कुत्रं मला दिसलं नाही. मी बसलेसुद्धा नव्हते. एका हातात बाळ, दुसऱ्यात उघडी बाटली. एकदम हिसका बसला, एवढंच आठवतं."

"दोघांविरुद्ध एक," भाऊजी पुटपुटले. "अवघड आहे, वहिनी."

"तिसरा साक्षीदार आहे, भाऊजी. वास मारतोय बिचारा."

बैठकीत मास्तरीणबाई उभ्या राहिल्या.

"धावती गाडी ब्रेकने थांबते, पण आतलं दूध पुढेच जात राहतं. ते ड्रायव्हरच्या सीटवर उडायला हवं होतं. ती सीट स्वच्छ आहे. उभी गाडी एकदम सुटली, तर दूध जागीच राहू बघतं आणि मागचं दार येऊन त्याला धडकतं."

"मागे घेताना ब्रेक मारला, तरी मागेच उडेल की," भाऊजी म्हणाले.

"शाब्बास! म्हणूनच विचारलं. तो म्हणाला, सरळ पुढे. म्हणजे ब्रेक नव्हता, कुत्रंही नव्हतं. आयाबाई बसायच्या आत गाडी सोडली. आणि दारावर नंतर कुणी बोटही लावलेलं नाही, हे संचालिकाबाईंनीच सांगितलं."

"ताईच म्हणाली, सोड लवकर, उशीर होतोय!" ड्रायव्हर ओरडला.

"गप्प बस रे मूर्खा!"

"आयाबाई बसेपर्यंत थांबायला तुम्हाला वेळ नव्हता," मास्तरीणबाई संचालिकेला म्हणाल्या, "पण खोटं जुळवायला होता. आणि त्याच घाणीत दोन दिवस लेकरं बसवलीत. शिसारी येते तुमची."

बाळाची आई उठली. आयाबाईंसमोर जाऊन तिने बाळ पुढे केलं.



"थांबा," आयाबाई म्हणाल्या. "आधी बसते."

नीट टेकून बसल्यावरच त्यांनी हात पसरले.