दोष आढळला नाही

त्या दिवशी प्रियदर्शनीला एसटीत जागा मिळाली ती गोधडीमुळे. मंठ्याहून जालन्याला जाणारी गाडी खच्चून भरलेली, आणि ही पोरगी काहीतरी गोधडीत गुंडाळून, छातीशी घट्ट धरून चढलेली. एक आजोबा लगेच उठले. "बस बाई, लेकरू उठंल तुझं." तिनं लेकराचं तोंड काही कुणाला दाखवलं नाही. सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिली, आणि आजोबा बघत होते म्हणून एकदा गोधडीवर हलकेच थोपटलंसुद्धा.

खरी पंचाईत जुन्या जालन्यात झाली. गल्लीत धान्याचा ट्रक आडवा लागलेला, रिक्षावाल्यानं तोंडाशीच उतरवलं. मार्चचं ऊन, हातात ओझं. ती दोन पावलं चालायची, थांबायची. मागून एक दुचाकी आली आणि तिच्याजवळ हळू झाली.

"ताई, लेकराला ऊन लागून राह्यलं. बसा, सोडतो पुढं."

"लेकरू न्हाई हो..." ती वैतागून म्हणाली, "सीपीयू हे!"

तो इतका हसला, की गाडी कलंडता कलंडता राहिली. शर्टाच्या खिशात चिमुकला स्क्रूड्रायव्हर, कपाळावर घाम, आणि हसताना डावा डोळा जरा जास्तच बारीक होणारा.

"वॉरंटीत हे का?"

"दोन महिने राह्यले."

"मंग चला. तुमच्या लेकराचा डॉक्टर मीच हे."

त्याचं नाव कल्याण. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला हार्डवेअर इंजिनियर. आणि एक सांगून ठेवते, 'ताई' तो तेवढं एकदाच म्हणाला. पुढे 'मॅडम' म्हणाला, अडखळला, काहीच म्हणाला नाही; पण ताई म्हणून पुन्हा चुकूनही नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये एसी असा, की आत शिरताच तिनं ओढणी खांद्यावरून लपेटून घेतली.

"चालता चालता एकदम बंद पडतं," ती म्हणाली. "शेजारच्या झुंबरबाईचा फॉर्म भरत होते. शेवटचं बटण दाबायचं राह्यलं, अन् — गेलं!"

त्यानं मान डोलावली, टेबलावर मशीन लावलं, दोन दिवस चालवलं. मशीन आपलं शहाण्यासारखं चालत राहिलं. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात कागद पडला. त्यावर छापलं होतं : दोष आढळला नाही.

ती मशीन घेऊन मंठ्याला गेली आणि चौथ्या दिवशी दुपारी ते पुन्हा बंद पडलं. एप्रिलमध्ये पुन्हा गोधडी, पुन्हा एसटी, पुन्हा तोच कागद. कल्याणनं तो देताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला लाज वाटली, की त्याला ती खोटं बोलते असं वाटलं? हे तिला कळेना, आणि न कळलेली गोष्ट सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

प्रियदर्शनीचं मंठ्याच्या बाजारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, दोन खुर्च्या. वडलांनी, तातेरावांनी, तिला एक वर्ष दिलं होतं. "वर्षभर बघू. चाललं तर चाललं, न्हाई तर कुलूप." मशीनची वॉरंटी एका वर्षाची आणि तिचीही एका वर्षाचीच, दोन्ही एकाच मे महिन्यात संपणाऱ्या. मशीन अर्ध्या फॉर्मात मान टाकायला लागलं, तशी माणसं दुसऱ्या दुकानाकडे वळू लागली. नवं मशीन घेण्याची ऐपत नव्हती. हे बदलून मिळालं नाही, तर दुकान संपलं, एवढं साधं गणित होतं.

सव्वीस मेला वॉरंटीचा शेवटचा दिवस होता. ती दोन दिवस आधीच मशीन ठेवून गेली होती. सव्वीसला ती दारातून आली तीच पेटलेली.

"तुम्ही मशीन बघता, का नुसता कागद छापता?"

"दोन दिवस चालवलं, मॅडम. माझ्यासमोर एकदाबी बंद पडलं न्हाई."

"म्हणजे मी खोटी?"

"तसं न्हाई म्हटलं मी..."

"मंग हे वाचा!" तिनं पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे आपटली.

वहीत तिनं पट्टीनं रकाने आखले होते. तारीख. वेळ. समोर कोण. काय चालू होतं. काय झालं. मशीन जितक्यांदा बंद पडलं, तितक्या ओळी. कल्याण उभ्यानं वाचू लागला, मग खुर्ची ओढून बसला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. 'एकोणीस एप्रिल. दुपारी दोन चाळीस. समोर झुंबरबाई. निराधार पगाराचा फॉर्म. बंद. रडू आलं, पण रडले नाही, गिऱ्हाईक होतं.' त्यानं वर बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

"असं लिहून कुणी आणत न्हाई हो," तो हळूच म्हणाला. "लोक नुसते भांडतात."

"मी दोन्ही करते."

तो हसला आणि पुन्हा वहीत शिरला. "सकाळचं एकदाबी न्हाई. सगळं दुपारचंच. अन् हे दोन दिवस... पाच-सहा एप्रिल, एकदाबी बंद न्हाई. काऊन?"

"अवकाळी आल्ता तेव्हा. ढगाळ होतं." ती बोलता बोलता ओढणी लपेटत होती. एकाएकी तिचा हात थांबला. "सर... तुमच्याकडं आलं की मला दरवेळी थंडी वाजते."

"मंग?"

"मंग त्यालाबी वाजत असंल ना! इथं बावीस, माझ्या पत्र्याखाली अडतीस. त्याला गरम झालं की ते बंद पडतं, अन् तुम्ही त्याला थंड हवेत ठेवून बघता!"

दोन महिने कल्याणला जे सुचलं नव्हतं, ते ओढणी सावरता सावरता तिला सुचलं होतं. खरं सांगायचं तर तो तिथेच प्रेमात पडला, आणि ते त्याला लगेच कळलंही.

"गच्चीवर चला," तो म्हणाला.

मॅनेजर राधेश्यामजी मागून ओरडले, "अरे कल्याण, टेस्टिंग टेबलवरच करायची असते!" पण तोवर दोघं जिन्यात होते.

गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला त्यांनी मशीन मांडलं. कल्याणनं खिळ्याला थर्मामीटर लटकवला आणि मोबाईल विटेला टेकवून व्हिडिओ चालू केला. कंपनीच्या कागदात लिहिलं होतं, चाळीसपर्यंत मशीन चाललंच पाहिजे. म्हणजे ते चाळिसाच्या आतच बंद पडायला हवं होतं, आणि तेही पाच वाजायच्या आत, कारण पाचला तक्रार नोंदवायची वेळ संपत होती. पारा एकोणचाळीसवर गेला की दोघं मिळून टेबल सावलीत ओढायचे. ती पुठ्ठ्यानं वारा घालायची.

"मशीनला घालून राह्यल्या का मला?"

"मशीनला. तुम्हाला वॉरंटी न्हाई."

दोन वाजले. तीन वाजले. त्यानं खालून रसवंतीचा रस आणला. तिनं ग्लास घेताना बोटांना बोटं लागली, आणि दोघांनी एकदम थर्मामीटरकडे बघितलं. मशीन चालूच.

"देवाला काय मागू?" तो म्हणाला. "बंद पड म्हणू, का..."

"बंदच पडू द्या. माझं दुकान हे त्यावर." आणि मग, जरा वेळानं, पुठ्ठ्याआडून, "पण एवढी काय घाई न्हाई... पाच वाजायला वेळ हे."

केदारखेड्याच्या आपल्या शेताबद्दल तो बोलला. लहानपणी घरचा रेडिओ उघडला आणि पुन्हा बसवताच आला नाही, त्याबद्दल बोलला. तिनं विचारलं, "मंग आता सगळं जोडता येतं?" तो म्हणाला, "बहुतेक." चार वाजून पंचवीस मिनिटांनी, पारा अडतीसवर असताना, पडदा काळा झाला.

आनंदानं ओरडायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी समोर गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिनं ते येऊ दिलं. "जल्दी!" असं म्हणत तो मोबाईल घेऊन जिना उतरत सुटला. पाचला दहा कमी असताना तक्रार नोंदली गेली.

दहा दिवसांनी नवा मदरबोर्ड आला. ग्राहकानं मशीन घेऊन सेंटरला यायचं, असा नियम. पण रविवारच्या सुट्टीच्या दिवशी कल्याणच दुचाकीवर मंठ्याला आला आणि पत्र्याखाली बसून त्यानं तो बसवला. आता एकच गोष्ट उरली होती. काम झालं की ग्राहकाच्या मोबाईलवर चार आकडी कोड येतो. ग्राहकानं तो सांगितला, की कंपनीच्या दप्तरी कॉल, म्हणजे ती तक्रार, बंद.

तो चहा पीत असतानाच तिचा मोबाईल वाजला. तिनं कोड वाचला आणि मोबाईल पालथा ठेवला.

"काही आलं का?" त्यानं चहात बघत विचारलं.

"रिचार्जचा मेसेज..."

"हा... येतात असे."

मग रोज दुपारी अडीचला त्याचा फोन. "आज बंद पडलं का?"

"न्हाई. पण घामेघूम झालो आम्ही दोघं."

"दोघं म्हणजे?"

"मी अन् मशीन."

शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून झुंबरबाई सगळं ऐकायची. "दुखणं बरं झालं म्हंतीस, मंग डॉक्टर रोज कशाला इचारून राह्यला?" प्रियदर्शनी लाजायची, पण तिलाही तेच कोडं होतं. तिनं कोड का दिला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तो एकदाही का मागितला नाही, हे मात्र तिला विचारायचं होतं, आणि उत्तराची भीतीही वाटत होती. दुकान आता जोरात चालू होतं. तातेरावांनी कुलपाचा विषय सोडून दिला होता.

पेरण्या आटोपल्या आणि एका सकाळी राधेश्यामजींचा फोन आला. "मॅडम, एक विनंती. कल्याणने लिहून दिलंय, तुम्हाला कोड आलाच नाही. महिना होत आला. कंपनीने त्याचं नाव लाल यादीत टाकलंय. आज कॉल बंद झाला नाही, तर उद्यापासून त्याचं काम दुसऱ्याला."

ती पुढच्या एसटीनं निघाली. हातात गोधडी नाही, फक्त वही.

"मशीन कुठं हे?" तिला दारात बघून कल्याण घाबराच झाला.

"मंठ्यात. चालू हे." ती धापा टाकत होती. "मला कोड आला न्हाई, असं लिहून देलं तुम्ही? माझा मोबाईल वाजलेला ऐकला होता ना?"

"ऐकला होता."

"मंग मागितला काऊन न्हाई?"

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मागितला असता, तर तुम्ही देला असता. देला की कॉल बंद. बंद कॉलच्या ग्राहकाला फोन लावायचा न्हाई, असा नियम हे."

"नंबर पाठ न्हाई झाला का?"

"झाला. पण कामाशिवाय लावायचा, तर आधी तुम्हाला विचारावं लागलं असतं. ती हिंमत..."

"चार, शून्य, सात, नऊ," ती म्हणाली.

त्यानं कीबोर्ड जवळ ओढला.

"टाका कोड. मी लपवला म्हणून तुमची नोकरी जायला नको. अन् काम संपल्यावर फोन येतो का न्हाई, तेबी मला बघायचंय."

त्यानं एकेक आकडा टाकला. पडद्यावर अक्षरं उमटली : कॉल बंद. आत राधेश्यामजींनी मोठ्यानं सुस्कारा सोडला. कल्याणनं तिच्या हातातली वही घेतली आणि नव्या ओळीवर लिहू लागला. तारीख : उद्याची. वेळ : सकाळी दहा. समोर कोण : कल्याण. 'काय चालू होतं' या रकान्यात त्यानं दाटीवाटीनं लिहिलं : 'मला प्रियदर्शनी फार आवडते. तिच्या घरी येऊन विचारू का?'

शेवटचा रकाना त्यानं कोरा ठेवला. "तो तुम्ही भरायचा. घाई न्हाई..."

तिनं वही मिटून छातीशी धरली आणि बाहेर पडली. कानाच्या पाळ्या त्या एसीतही गरम झाल्या होत्या.

परतीची गाडी खच्चून भरलेली. या वेळी मांडीवर लेकरू नव्हतं, त्यामुळे तिला कुणी जागा दिली नाही. एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातात पेन घेऊन, सीटच्या पाठीवर वही टेकवून तिनं उभ्याउभ्याच, गाडीच्या हिसक्यांनी वाकड्या झालेल्या अक्षरांत, 'काय झालं'च्या रकान्यात लिहिलं : 'होय.' मग त्या पानाचा फोटो काढून तिनं त्याला पाठवून दिला, आणि फोन वाजायची वाट बघत हसत उभी राहिली.